हात कुणाचा

चार बोटं उंच.
सात तोळे तीन मासे, आतून पोकळ.
पायाखाली चंद्रकोर, कोरीखाली साप,
आणि अंगावरचं वस्त्र असं उसळलेलं
की जालन्यात कधी न वाहिलेलं वारं
तिच्या एकटीवर सुटलंय.

केझियाबाई साळवे तिला घेऊन आल्या
जुन्या बनियनमध्ये गुंडाळून, पिठाच्या डब्यातून.
"आमच्या मंडळीत मूर्ती चालत नाही.
सासूबाई मिठाच्या मडक्यात ठेवायच्या.
मी पिठात ठेवते. मीठ चांदीला खातं."

मी संग्रहालयात नोंदी करते.
वस्तू. धातू. काळ. कुठून आली.
कारागीर.
या शेवटच्या रकान्यावर तीन महिने पेन अडलं.

फोटो पाठवले.
लिस्बनहून पत्र आलं: गोव्याचं काम, सतरावं शतक सरताना.
म्युनिकहून आलं: छे, ऑग्सबर्ग. किंवा ऑग्सबर्गची नक्कल.
दोघंही सभ्य, दोघांच्या पत्रात "बहुधा" पाच-पाच वेळा,
आणि दोघांना हळहळ एकच:
बोटांच्या घडणीवरून सांगता आलं असतं,
पण हिचे दोन्ही हात मनगटापासून गेलेले.

हात कुणाचा ते हातांवरून ओळखायचं
आणि हातच नाहीत.

शेवटी कादराबादेत गेले, भानुदास डहाळ्यांकडे.
ते टाक घडवतात. खंडोबा, भैरोबा,
कुणाच्या घरचा अवेळी गेलेला वीर.
बापजाद्यांचे ठसे बिस्किटाच्या डब्यात.
बाहेर सळयांचा ट्रक मागे येत होता, त्याचा भोंगा थांबेना.

त्यांनी चेहरा पाहिलाच नाही.
पालथी केली, पोकळीत भिंग घातलं, वास घेतला.
"तोंड सगळेच नीट करतात, ताई.
चोर पाठीमागं सापडतो."
मग म्हणाले, राळेवर ठोकलीय,
दोन पाकळ्या, मधे डाग,
छिन्नी डावखुऱ्याची. चुण्या कुठं संपतात बघा.
मी बघितलं.
चुण्या दिसल्या. डावखुरा दिसला नाही.

आणि घोळाखालून डोकावणारा पाय,
त्याच्या अंगठ्याशेजारच्या बोटात
जोडवं.

अंगावर काटा आला. वाक्य तर तयारच होतं:
आईचा पाय ज्याला मोकळा ठेववला नाही
असा कुणी इथलाच—
टिपणाचा पहिला परिच्छेद मनात लिहून झाला,
दुसऱ्यात मी टाळ्या घेत होते.

"जोडवं न्हाय," डहाळे म्हणाले.
"बोट तडकलं होतं. तार गुंडाळून धरलंय.
घासून घासून जोडव्यागत दिसतं."
मग बराच वेळ भिंग हलवलं नाही.
"अडीच वेढे.
आमचे आजोबा असेच घालायचे.
तिसरा पुरा केला की तार रुसते, म्हणायचे."

लिहू का त्यांचं नाव?
"नका. अडीच वेढे आजोबांना
शिकवले कुणीतरी, त्याचेबी असतील."

केझियाबाईंना सगळं सांगितलं:
राळ, डाग, डावा हात, लिस्बन, म्युनिक.
त्या फक्त तारेपाशी थांबल्या.
"म्हणजे सासूबाईंनी दुरुस्त करून आणली?
मला हात लावू देत नव्हत्या.
आणि सराफ्यात घेऊन गेल्या?
पाद्रीसाहेबांच्या घरावरूनच तर रस्ता."
बनियनची घडी त्या दोनदा घालून दोनदा मोडत राहिल्या.
विकायची आहे का, हे मी विचारणार होते.
विचारलं नाही.

रजिस्टरात लिहिलं:
कारागीर अज्ञात, डावखुरा असावा.
डाव्या पायाचं दुसरं बोट: जालना.

साहेबांनी त्याखाली लाल रेघ मारलीय.
खोडलेलं नाही, नुसती रेघ आहे.